स्क्रिप्ट शेवटी जे ओरडते ते सहसा कारण नसतं

रात्री आपोआप चालणारी डेटाबेसची स्क्रिप्ट पडली की नवीन माणूस लॉग (स्क्रिप्टच्या नोंदींची फाइल) उघडून थेट तळाशी जातो आणि तिथली ओळ सर्चमध्ये टाकतो. ही सवय आधी मोडा. लॉग वरून वाचायचा आणि पहिली एरर गाठायची.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे लख्ख दिसतं. ‘करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड’ हे वाक्य, कोड २५पी०२, पानभर छापून येतं. त्याचा अर्थ इतकाच, की आधी एक स्टेटमेंट फसलं आणि आता रोलबॅक (अर्धवट काम मागे घेणं) होईपर्यंत डेटाबेस पुढचं काहीच ऐकणार नाही. कारण पहिल्या २५पी०२ च्या वर आहे. लॉगच्या शेवटच्या ५० ओळीच मेलने येत असतील तर ते कारण तुमच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) एसक्यूएल फाइल रीडायरेक्ट करून देऊ नका, ‘-एफ’ने द्या, मग प्रत्येक एररपुढे फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक येतो.

यापेक्षा वाईट म्हणजे खोटं यश. पीएसक्यूएल मुळात एरर आली तरी पुढची ओळ चालवतो आणि शेवटी एक्झिट कोड ० परत करतो, म्हणजे ‘सगळं ठीक’. ‘ऑन_एरर_स्टॉप’ सेट केलं की तिथेच थांबतो आणि एक्झिट कोड ३ देतो. २ आला तर कनेक्शन तुटलंय.

ओरॅकल डेटाबेसच्या अशाच प्रोग्रॅममध्ये, एसक्यूएल*प्लसमध्ये, बरेच जण ‘व्हेनएव्हर एसक्यूएलएरर एक्झिट एसक्यूएल.एसक्यूएलकोड’ (एरर आली की तिचा नंबर एक्झिट कोड म्हणून देऊन बाहेर पड) लिहितात आणि निर्धास्त होतात. पण युनिक्सचा एक्झिट कोड ८ बिटांचा, म्हणजे ० ते २५५. एररच्या नंबराला २५६ ने भागून उरलेली बाकीच शेलला (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) मिळते. ओआरए-००९४२ असेल तर १७४ दिसतो, ज्याला काही अर्थ नाही. आणि ओआरए-०१५३६, म्हणजे टेबलस्पेसचा (डेटा साठवायच्या जागेचा) कोटा संपला, तर? १५३६ म्हणजे बरोबर ६ गुणिले २५६. बाकी शून्य! जॉब हिरवा, टेबल रिकामं. म्हणून तिथे साधं ‘एक्झिट फेल्युअर रोलबॅक’ लिहा. रोलबॅक विसरलात तर बाहेर पडताना अर्धवट काम कमिट (कायमचं सेव्ह) होतं, कारण डीफॉल्ट तेच आहे.

ओआरए-००९४२ म्हणतो ‘टेबल किंवा व्ह्यू नाही’. पण पुष्कळदा टेबल असतं, त्या युजरला ते पाहायची परवानगी नसते, आणि ते आहे हेसुद्धा डेटाबेस सांगत नाही. हाताने क्वेरी चालते पण प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये) हीच एरर येते, तेव्हा परवानगी बहुतेक रोलमधून (परवानग्यांच्या गटातून) मिळालेली असते. साध्या प्रोसीजरमध्ये रोलच्या परवानग्या लागू होत नाहीत, युजरला थेट ग्रँट द्यावी लागते. बरोबर येणारी ओआरए-०६५१२ फक्त ओळ क्रमांक सांगते, तिच्यामागे धावू नका.

‘हाताने चालते, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नाही’ असं झालं की पासवर्ड बदलत बसू नका. मायएसक्यूएल डेटाबेसची एरर १०४५ नीट शेवटपर्यंत वाचा: ‘युजिंग पासवर्ड: नो’ असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, पाठवलाच गेलेला नाही. बहुतेक वेळा क्रॉन दुसऱ्या युजरखाली चालतो आणि त्याला होम फोल्डरमधली सेटिंगची फाइल सापडत नाही. ओरॅकलच्या ओआरए-१२१५४ चंही (कनेक्शनचं नाव सापडलं नाही) तसंच, त्या नावांची फाइल कुठे आहे ते सांगणारा टीएनएस_अ‍ॅडमिन व्हेरिएबल बहुतेक क्रॉनमध्ये नसतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘एन्व्ह’ कमांडचं आउटपुट (असे सगळे व्हेरिएबल) फाइलमध्ये टाका, लॉगिन करून तेच करा, दोन्हींचा ‘डिफ’ (फरक) घ्या. पाच मिनिटांचं काम. फक्त ती फाइल नंतर पुसा. तिच्यात पासवर्डही असू शकतात.

राहिला पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीत ओतणं. डंप (डेटाबेसची बॅकअप प्रत) जीझिपमध्ये (फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ओतलात तर शेल फक्त जीझिपचा कोड पाहतो. डंप पडला तरी जॉब यशस्वी. बॅश शेलच्या स्क्रिप्टमध्ये वर ‘सेट -ओ पाइपफेल’ हवं, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी कळतं. बॅकअपच्या फोल्डरमध्ये २० बाइटची फाइल दिसली तर ती रिकाम्या इनपुटची जीझिप आहे. तारखेनुसार मागे जाऊन शेवटची मोठी फाइल कोणत्या दिवशीची आहे ते आधी बघा, आणि जुने बॅकअप पुसणारी स्क्रिप्ट तेवढ्यापुरती बंद करा.