खजिना वाटताय? या चुका टाळा

इंदूरला रामबागेत आमच्या घरी दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या कल्पनेतल्या साहसाच्या खेळाचा डाव बसतो. नवा डीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, राक्षसांचा अभ्यास रात्र-रात्र करतो, आणि खजिना मात्र पोह्यांवर शेव भुरभुरावी तसा, हाताला येईल तेवढा टाकतो. निस्तरायला आम्ही आहोतच.

सगळ्यात महागात पडतं ते नाण्यांचं वजन विसरणं. खेळाच्या नियमांच्या पाचव्या आवृत्तीत 50 नाणी म्हणजे एक पाउंड, धातू कुठलाही असो. मी स्वतः एकदा ड्रॅगनच्या गुहेत तांब्याची 30,000 नाणी ठेवली. आकडा कसा भारदस्त वाटतो! पण तांब्याची 100 तेव्हा सोन्याचं एक, म्हणजे अख्खा ढीग सोन्याच्या 300 नाण्यांचा आणि वजन 600 पाउंड, जवळजवळ पावणेतीनशे किलो. खेळणाऱ्या पोरांनी गोष्टीतल्या गावात जाऊन 15 सोन्याला गाडा घेतला, 8 ला खेचर, रोजी दोन चांदीवर हमाल लावले. दोन हमाल लांडग्यांनी खाल्ले. तीन तास गेले, चहा दोनदा झाला, ड्रॅगनला कुणी विचारेना. आता मोठी रक्कम द्यायची तर मी रत्नंच देतो. 1000 सोन्याचा एक खडा खिशात मावतो.

सगळंच अर्ध्या भावात विकणारेही खूप. सराफ्यात दागिना मोडायला नेला की घट कापतात, म्हणून आमच्या पोरांना ते लगेच पटतं. पण अर्धा भाव चांगल्या स्थितीतल्या शस्त्रांना नि चिलखतांना. रत्नं आणि कलावस्तू पूर्ण किमतीला जातात. गॉब्लिनांची मोडकी हत्यारं सहसा कुणी घेतच नाही, तरी प्रत्येक प्रेतापाशी थांबून तलवारी गोळा करणारा एक असतोच. आमच्याकडे त्याला 'भंगारवाले भिया' म्हणतात.

हिरे घाईने विकू नका. मेलेल्याला जिवंत करणाऱ्या रिव्हिव्हिफाय मंत्राला 300 सोन्याचे हिरे लागतात, ते खर्ची पडतात, आणि मित्र मेल्यावर हातात एकच मिनिट असतं.

दुसऱ्या लेव्हललाच हजारोंनी सोनं दिलंत? मग 1500 चं प्लेट चिलखत घालून आलेला लढवय्या तुम्हीच सांभाळा.

खजिन्याची यादी आपोआप बनवणाऱ्या जनरेटरचं बटण दाबून आलेली यादी जशीच्या तशी वाचणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, बीपी वाढतं.

आणि इलेक्ट्रम, ते अर्ध्या सोन्याचं नाणं? मी ते माझ्या कॅम्पेनमधून, म्हणजे आमच्या चालू गोष्टीतून, हद्दपार केलंय.