मांडीमागचं दुखणं हटत नाही? आधी ताणणं थांबवा, मग या बाकीच्या चुका

कमरेचा एमआरआय झाला, त्यात वयानुसार असतं तेवढंच निघालं. ड जीवनसत्त्वाचा कोर्स झाला, मालिश झाली, शेक झाला, ‘सायटिका असेल’ म्हणून मिळालेल्या गोळ्याही संपल्या. तरी खुर्चीत वीस मिनिटं झाली की एका कुल्ल्याखाली तोच ठणका सुरू होतो आणि माणूस बूड या बाजूवरून त्या बाजूवर करत बसतो. अशा दुखण्यावर ‘कारण सापडत नाही’ असा शिक्का फार लवकर बसतो. बऱ्याच जणांत कारण असतं, फक्त ते भलत्या जागी शोधलेलं असतं. आणि उपाय म्हणून रोज जे केलं जातं, त्यानेच दुखणं चालू राहतं.

मांडीच्या मागे तीन स्नायू आहेत, त्यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. गुडघा वाकवून लवणीत हात घातला की दोन्ही कडांना ताठ दोऱ्या लागतात, ती त्यांची खालची टोकं. वरची टोकं बैठकीच्या हाडाला जोडलेली असतात, म्हणजे कडक बाकावर बसल्यावर बुडाला जे टोचतं त्या हाडाला. स्नायूला हाडाशी बांधणारा हा पांढरा दोर म्हणजे टेंडन. महिनोन् महिने रेंगाळणारं दुखणं बहुतेक वेळा या वरच्या टोकाचं असतं. कमरेतून पायात उतरणारी जाड सायटिक नस त्याच्या बाहेरच्या बाजूने, जेमतेम बोटभर अंतरावरून खाली जाते. त्यामुळे दोघांची गल्लत होते.

चूक: दुखतं कुठे, हे नीट न पाहणं

एका बोटाने जागा दाखवा. बोट नेमकं बैठकीच्या हाडावर टेकलं आणि कळ खाली मांडीच्या मध्यापर्यंतच जात असेल, तर टेंडनचा संशय घ्यावा. कुल्ल्याच्या मध्यापासून पोटरीपर्यंत सगळा तळहात फिरवावा लागला, मुंग्या किंवा बधिरपणा असला, खोकताना-शिंकताना चमक गेली, तर नस किंवा कंबर.

घरी करता येईल अशी एक खूण आहे. टेबलाच्या कडेवर बसा, पाठीला पोक काढा, हनुवटी छातीला लावा. मग दुखऱ्या पायाचा गुडघा हळूहळू सरळ करत न्या आणि मांडीमागे ओढ लागली की तिथेच थांबा. पाय जराही न हलवता फक्त मान वर करा. ओढ चटकन कमी झाली तर ती नसेची आहे, कारण मान हलवल्याने हॅमस्ट्रिंगची लांबी बदलत नाही. फरक पडला नाही तर स्नायू किंवा टेंडनकडे बोट जातं. यावरून निदान होत नाही, पण तज्ज्ञाला सांगायला एक पक्की गोष्ट हाताशी येते.

सगळ्यात मोठी चूक: ताणत राहणं

चित्र ओळखीचं आहे. सकाळी मैदानाच्या कठड्यावर टाच ठेवायची, गुडघा ताठ, अंगठ्याकडे वाकायचं, तीस सेकंद. मोकळं वाटतं. तासाभराने पुन्हा आखडतं, म्हणून संध्याकाळी परत. घरी असलो तर पश्चिमोत्तानासन, नाहीतर सूर्यनमस्कारात तळवे टेकवण्याचा हट्ट.

कंबरेतून पुढे वाकलं आणि गुडघा सरळ ठेवला की वरचा टेंडन बैठकीच्या हाडाभोवती वळसा घेऊन त्यावर दाबला जातो. खेचला जाणं टेंडनला मानवतं, पण हाडावर दाबलं जाऊन खेचलं जाणं आधीच चिडलेल्या टेंडनला अजिबात सोसत नाही. ताणल्यावर जो आराम वाटतो तो ओढ सहन करण्याची ताकद तेवढ्यापुरती वाढल्याने. हिशेब दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्यावर चुकता होतो. नस चिडलेली असेल तरी हेच. तिला ताणून धरलेलं आवडत नाही.

‘पण माझा स्नायू आखडलाय ना!’ तपासून पाहा. उताणे झोपा, गुडघा सरळ ठेवून पाय वर घ्या. दोन्ही पाय सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत सारखेच येत असतील तर स्नायू आखूड झालेला नाही. आखडल्याची भावना बऱ्याचदा कमजोर किंवा दुखऱ्या स्नायूचीच असते.

म्हणून निदान सहा आठवडे हॅमस्ट्रिंगचा एकही स्ट्रेच नको. योगाभ्यास सोडायची गरज नाही. पुढे वाकण्याची आसनं गुडघे सैल सोडून, अर्ध्यावरच थांबवा.

हे ताणणं फक्त व्यायामात होत नाही, आणि खेळाशी संबंध नसलेल्या माणसांचं दुखणं ‘अनाकलनीय’ ठरतं ते इथेच. आखूड केरसुणीने गुडघे ताठ ठेवून केर काढणं, वाकून लादी पुसणं, भात लावणीत दिवसभर ओणवं राहणं हे सगळं टेंडनच्या दृष्टीने कठड्यावरच्या त्या स्ट्रेचसारखंच आहे, फक्त तासन् तास. लांब दांड्याचा झाडू आणि उभ्याने वापरायचा मॉप ही इथे चैन नाही. लावणीला पर्याय नसतो; गुडघे वाकवून, दर पंधरा-वीस मिनिटांनी सरळ उभं राहत काम करणं एवढंच हातात राहतं.

बसण्यातल्या चुका

गुडघे कमरेपेक्षा उंच राहतील अशी खुर्ची नको. गाडीची सीट मागे उतरती असेल तर मागचा खळगा घडी घातलेल्या चादरीने भरा. खुर्चीत एक टॉवेल गुंडाळून मांडीखाली आडवा ठेवा, बैठकीच्या हाडाच्या तीन-चार बोटं पुढे. भार मांडीवर येतो आणि हाड थोडं अधांतरी राहतं. मऊ उशी घातल्याने मात्र अनेकदा काहीच होत नाही. हाड त्यात रुतून पुन्हा तळाला लागतं. मागच्या खिशातलं पाकीट काढा, ते नसेवर दाबतं. मांडी घालून जमिनीवर बसणं आणि उकिडवं बसणं काही महिने कमी करा. दर पंचवीस मिनिटांनी उठा, गजर लावून, कारण दुखायला लागल्यावर उठणं म्हणजे उशीर झाला.

चूक: सहा दिवस आराम, रविवारी सिंहगड

पूर्ण विश्रांतीत टेंडनची सहनशक्ती घटते. मग बरं वाटलं म्हणून एकदम चढण. चढावर धावताना मांडी जास्त वर येते, टेंडन हाडावर दाबला जातो आणि त्याच वेळी सगळा जोर त्यावर पडतो. सातारच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. परत सुरू करताना चढण आणि वेग सगळ्यात शेवटी.

चूक: ताकदीचे व्यायाम उलट्या क्रमाने

यात घाई नडते. क्रम असा ठेवा.

आधी स्थिर ताण. उताणे झोपा, टाचा बुडापासून लांब, गुडघे थोडेच वाकलेले. टाचा जमिनीत रोवून बूड चार बोटं उचला आणि तीस ते पंचेचाळीस सेकंद धरा. मध्ये दोन मिनिटं थांबा. असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. सोपं झालं की एका पायावर. इथे कंबर जवळपास सरळ राहते, म्हणून टेंडन दाबला जात नाही.

दोन-तीन आठवड्यांनी हालचाल आणा: एका पायावरचा ब्रिज (वरचंच बूड उचलणं, पण धरून न ठेवता वर-खाली) आणि पालथं झोपून टाच बुडाकडे आणणं. घोट्याला रबर बँड किंवा जिममधलं पालथं झोपायचं मशीन. बसून करायचं लेग कर्ल मशीन आत्ता नको, त्यात त्याच हाडावर बसून जोर लावावा लागतो. वर जाताना तीन सेकंद, खाली येताना तीन. पंधरा वेळा जेमतेम जमेल इतकं वजन, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. वजन वाढवत आठ वेळा जेमतेम जमेल तिथवर न्या. इथे लोक बिचकतात आणि पिवळ्या हलक्या बँडवर सहा महिने काढतात. टेंडन हलक्या कामाला दाद देत नाही.

त्यानंतरच कंबरेतून वाकण्याचे व्यायाम. पाठ सरळ, गुडघे किंचित सैल, हातात पाच-पाच लिटरचे भरलेले दोन कॅन. बूड मागे ढकलत कॅन गुडघ्यापर्यंत न्या आणि परत या. नडगीच्या मध्यापर्यंत जायचं ते महिनाभराने. पळणाऱ्यांसाठी उड्या आणि वेगाची कामं याच्याही पुढे, तीन दिवसांतून एकदा. सगळ्याला तीन ते सहा महिने धरून चाला.

वाढवायचं की थांबवायचं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठरतं. रोज उठल्यावर एकच ठरलेली हालचाल करा, उदाहरणार्थ एका पायाचा ब्रिज, आणि दुखण्याला दहापैकी गुण द्या. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालतं. सकाळचा आकडा कालच्यापेक्षा वाढला तर आज वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. आकडा वहीत लिहा. आठवणीवर गेलात तर वाईट दिवसच लक्षात राहतात.

नसेची खूण आली असेल तर व्यायाम वेगळा. बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली, न थांबता दहा-पंधरा वेळा. शेवटी धरून ठेवायचं नाही.

चूक: तपासणीचा अर्थ चुकीचा लावणं

कमरेच्या एमआरआयमध्ये बैठकीचं हाड येतच नाही. तो ‘नॉर्मल’ आहे म्हणजे हॅमस्ट्रिंग तपासलं गेलं असा अर्थ नाही. काढायचाच असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘पेल्व्हिस, हॅमस्ट्रिंगचं वरचं टोक’ असं स्पष्ट लिहून घ्या. उलटही खरं: अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या टेंडनमध्येही एमआरआयला बदल दिसतात. रिपोर्टमधल्या एका शब्दाने घाबरून जाऊ नये.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान जातात, पण टेंडन त्याने मजबूत होत नाही आणि वारंवार घेतल्यास कमजोर होऊ शकतो. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून दुखऱ्या जागी टोचणं; त्याबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि खर्च मोठा आहे. मालिश मांडीच्या मांसल भागावर करायला हरकत नाही. बैठकीच्या हाडावर कोपराने रगडणं बंद करा. शेकाने बरं वाटत असेल तर घ्या, त्याहून जास्त अपेक्षा नको.

औषधांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकांमुळे टेंडन दुखावू शकतो. आपल्याकडे ती जुलाबासाठी सहज घेतली जातात आणि कोणी लक्षातही ठेवत नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काही जणांचे स्नायू दुखतात. मधुमेह ताब्यात नसेल तर टेंडन हळू सुधारतो. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या बायकांत हे दुखणं न पळताही दिसतं. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

घरी थांबू नये अशा वेळा

शेवाळावर किंवा ओल्या लादीवर पाय पुढे घसरला, ‘कट्’ झालं आणि दोन दिवसांत मांडीमागे काळंनिळं उतरलं, तर टेंडन हाडापासून सुटलेला असू शकतो. त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. शिवायचा असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच सोपं जातं. बसण्याच्या जागेला बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांत अशक्तपणा असेल तर त्याच तासाला हॉस्पिटल. पाय सुजून गरम झाला तर रक्ताच्या गुठळीची तपासणी. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबीही डोक्यात ठेवावा लागतो.

एक प्रकार हमखास सुटतो. वय पंचेचाळिशीच्या आत, कधी डावा कुल्ला तर कधी उजवा, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेलं, हालचाल केली की सुटतं, आरामाने वाढतं. हे संधिवाताचं असू शकतं, इथे अस्थिरोगतज्ज्ञापेक्षा संधिवाततज्ज्ञाकडे जाणं बरं. आणि चालताना ठरावीक अंतरावर कुल्ला-मांडी भरून येत असेल तर काय केल्यावर थांबतं ते पाहा. नुसतं उभं राहून दोन-चार मिनिटांत गेलं तर रक्तवाहिन्या तपासा, विशेषतः तंबाखू आणि मधुमेह असेल तर. खाली बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय जात नसेल तर कमरेचा मणका.