बेळगावहून स्पीकर बाहेरगावी न्यायचे असतील तर

शहापुरात माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिल-मे आला की ठरलेली गिऱ्हाइकं येतात. कुणाची बदली झालेली असते, कुणी हुबळीहून बेळगावला आलेलं असतं, कुणाचे वडील इथलं घर बंद करून पुण्याला मुलाकडं निघालेले असतात. सामान पोचतं, स्पीकर जोडले जातात आणि एका बाजूचा आवाज फाटलेला येतो. मोठ्यानं वाजवून बिघडलेले जेवढे माझ्याकडं येतात, जवळजवळ तेवढेच नुसते हलवताना दुखावलेले येतात. आणि त्यातल्या बहुतेकांच्या लाकडावर साधा ओरखडाही नसतो.

त्याचं कारण आत आहे. वूफरच्या, म्हणजे खालचे जाड सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, पाठीला फेराइटचं जड चुंबक असतं आणि बहुतेक वूफरमध्ये ते लोखंडी चकत्यांच्या मधे गोंदानं चिकटवलेलं असतं. मधल्या गोल फटीत व्हॉइस कॉइल, म्हणजे पुढच्या हलत्या पडद्याला (कोनला) जोडलेली तारेची गुंडाळी, पुढंमागं होते. कॉइल आणि लोखंड यांच्यात सुटलेली जागा मिलिमीटरभरही नसते. स्पीकर हातभर उंचीवरून दाणकन टेकला तर लाकडाला काही होत नाही, पण चुंबक केसभर सरकतं आणि तेवढं पुरतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. टिळकवाडीतले एक निवृत्त सर कायमचे पुण्याला लेकीकडं निघाले. त्यांची जोडी मीच बांधून दिली. चांगल्या दोन वाकळी गुंडाळल्या, वरून सुतळी आवळली आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांचा फोन आला, “डावीकडचा खोकतोय रे.” मी पुण्याला गेलो. जाळी काढली, पाचही बोटं कोनवर सारखी टेकवून हलकेच आत दाबलं. उजवीकडचा कापसासारखा आत गेला. डावीकडच्यातून खर्र आलं, बारीक वाळूवर पाय घासावा तसं. कॉइल घासत होती. त्या मापाचा वूफर मिळाला, पण जोडीचा मूळ आवाज काही परत आला नाही. सरांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून वाकळ आणि सुतळी एवढ्यावर मी एकही स्पीकर दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही.

बांधायच्या आधी हीच पाच बोटांची चाचणी घरी करून बघा. डस्ट कॅपवर, म्हणजे कोनच्या मधल्या गोल टोपीवर, बोट ठेवायचं नाही, ती आत चेपते. कॅपच्या बाहेर, कोनवर, सगळीकडून सारखं आणि अगदी हलकं दाबायचं. ट्वीटरला, म्हणजे बारीक सूर काढणाऱ्या लहान स्पीकरला, तर हातच लावायचा नाही. आताच आवाज येत असेल तर दोष प्रवासाचा नाही, हे आधी कळलेलं बरं. वूफरच्या कडेची गोल पट्टी रबराची आहे की फोमची तेही पाहून घ्या. फोम पंधरा-वीस वर्षांत कुजतो, आमच्याकडच्या दमट पावसात लवकरच. बोटाला काळा-तपकिरी चिकट भुगा लागला तर ती पट्टी प्रवासात टिकत नाही. आधी बदलून घ्या.

मग वायरी सोडा. कुठली वायर कुठं होती याचा मोबाइलवर फोटो काढा आणि स्पीकरच्या पाठीवर साध्या कागदाच्या चिठ्ठीनं ‘डावा’, ‘उजवा’ लिहा. खालचे टोकदार खिळे, म्हणजे स्पाइक, काढून पिशवीत घाला. ती पिशवी खोक्यात सुटी टाकू नका. गचका बसला की तोच खिळा कोनमधून आरपार जातो. दोनदा पाहिलंय मी हे.

बास निघायचं भोक, ज्याला पोर्ट म्हणतात, त्यात सुती फडकं गुंडाळून बसवा आणि त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे पोचल्यावर काढायचं विसरत नाही. थर्माकोलचे सुटे मणी खोक्यात भरू नका. ते पोर्टमधून आत जातात आणि कापसात अडकून बसतात. एकेक काढायला माझा अख्खा दिवस गेलाय.

आता समोरची बाजू, जिथं माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. लोक जाळीवर स्पंज ठेवून वरून टेप आवळतात. तो दाब जाळीतून सरळ ट्वीटरच्या घुमटावर जातो. मी असं करतो: फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन स्पीकरच्या समोरच्या बाजूएवढा तुकडा कापतो. कापताना खाली जुनी फरशी घेतो, पट्टी धरून दोन-तीन हलक्या रेघांत कापतो, म्हणजे पुठ्ठ्याची कड चेपत नाही. मग पांढऱ्या पॅकिंग फोमच्या दोन बोटं रुंद पट्ट्या काढून पुठ्ठ्याच्या चारी कडांना चिकटवतो. फोटोची चौकट असते तशी चौकट तयार होते. ती स्पीकरवर ठेवली की पट्ट्या फक्त लाकडाच्या कडांवर टेकतात आणि मधली जागा पोकळ राहते. पट्टीची जाडी एवढी हवी की जाळी, ट्वीटर, कशालाही पुठ्ठा लागू नये. वरून तळहातानं दाबून बघा. आत काही टेकल्यासारखं वाटलं तर आणखी एक थर लावा. एवढं झाल्यावर चौकटीभोवती कापडी नाडी बांधतो. लाकडावर टेप कधीच नाही, व्हिनियर, म्हणजे वरचा पातळ लाकडी पापुद्रा, टेपबरोबर सोलून येतं.

अंगाला पहिला थर सुती कापडाचाच हवा. वडगावात मागावर काम करणारी ओळखीची घरं आहेत, तिथून मी जुनं धुतलेलं कापड आणतो, पण घरातलं जुनं लुगडं किंवा चादर तितकीच चांगली. बबल रॅप थेट पॉलिशवर नको. उन्हात तापलेल्या गाडीत त्याचे फुगे पॉलिशवर उमटतात आणि ते ठिपके मग जात नाहीत. कापड, त्यावर बबल रॅप, त्यावर प्लॅस्टिक, हा क्रम ठेवा. बारदान तर नकोच. निपाणीकडचं एक गिऱ्हाईक तंबाखूच्या वखारीतलं बारदान गुंडाळून स्पीकर घेऊन आलं होतं. आतल्या कापसात तो वास असा बसला की कापूसच बदलावा लागला.

खोका पाच पदरी किंवा सात पदरी, एका स्पीकरला एक. चारी बाजूंनी आणि वर दोन-दोन इंच जागा सुटली पाहिजे, तळाला तीन. त्यात घट्ट थर्माकोलचे किंवा फोमचे ठोकळे कोपऱ्यांना बसवा. चुरगळलेला पेपर भरला तर निपाणी येईपर्यंत तो बसून जातो आणि स्पीकर आत हिंदकळायला लागतो. बंद केल्यावर खोक्याला मिठी मारून हलवा. आत काहीही सरकता कामा नये. कुरिअरनं पाठवायचाच असेल तर खोक्यात खोका घाला, पण दहा किलोच्या वरचा स्पीकर मी कुरिअरला देत नाही, स्वतः नेतो किंवा माणूस बरोबर पाठवतो.

खोक्यावर बाण काढा, काचेच्या ग्लासचं चित्र काढा. आमच्याकडं हमालाला कन्नड वाचता येतं, कोल्हापूर-पुण्याच्या हमालाला मराठी, म्हणून दोन्ही लिपींत लिहायचं. मी एकच शब्द दोन्ही लिपींत लिहितो: ‘सावकाश’. इकडच्या कन्नडमध्येही सावकाशच म्हणतात, अर्थ तोच. आणि हमालाला लिहिण्यापेक्षा बोलून सांगितलेलं लागू पडतं. “आत काच आहे, दादा, आपटू नका,” एवढं म्हणून चहा पाजला तर माणूस जपून उतरवतो.

टेम्पोत स्पीकर केबिनच्या भिंतीला लागून ठेवा. मागच्या चाकांच्या मागं गाडी सगळ्यात जास्त उसळते, आणि उतरवायला सोपं म्हणून नेमकं तिथंच सामान ठेवलं जातं. उंच स्पीकर उभाच न्यावा. उंची बसत नसेल तर पाठीवर झोपवा, तोंडावर कधीच नाही. वर काही ठेवायचं नाही, गादीसुद्धा नाही. कारनं न्यायचे असतील तर मागच्या सीटवर, तोंड सीटच्या पाठीकडं करून, पट्टा लावून. घरचं वापरलेलं सामान असेल तर ई-वे बिल लागत नाही, तरी जुन्या बिलाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

रस्त्याचंही पाहावं लागतं. पुण्याकडं जाताना तवंदी घाटात तेवढं ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगा. गोव्याला चोर्ला घाटानं जाणार असाल तर जून ते सप्टेंबर शक्यतो नकोच. जांबोटी सोडली की कणकुंबीपर्यंत पाऊस आडवा झोडतो आणि ताडपत्रीच्या फटीतून आत शिरतो. हल्लीचे बहुतेक स्पीकर एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे. त्याच्या कडेला पाणी लागलं की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. जावंच लागलं तर प्लॅस्टिकचा शेवटचा थर खोक्याच्या बाहेरूनही घ्या आणि खोक्याखाली लाकडी फळी टाका, कारण टेम्पोच्या तळाशी पाणी साचतं.

पोचल्यावर लगेच वाजवू नका. घाटातल्या गारव्यातून आलेला स्पीकर उघडून दोन तास तसाच ठेवा. पोर्टमधलं फडकं काढा. पुन्हा पाच बोटांची चाचणी करा. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, त्याचं प्लस लाल टर्मिनलला आणि मायनस काळ्याला क्षणभर लावा. वूफर टक् करून बाहेर यायला हवा. दोन्ही बाहेर आले की आतल्या वायरी शाबूत आहेत.

शेवटी मोबाइलवरच्या टोन ॲपमधून चाळीस-पन्नास हर्ट्झचा सूर अगदी बारीक आवाजात वाजवा आणि कान जवळ नेऊन ऐका. बेळगावात घरोघरी कुमार गंधर्व ऐकतात, ते जवळच्या सुळेभावीचेच, त्यामुळं पहिली तबकडी किंवा सीडी त्यांचीच लागते. पण तपासायला तानपुरा घेऊ नका. जवारीच्या झंकारात कॉइलची घासघास लपते. नुसत्या सुरात ती लगेच उघडी पडते. खर्र ऐकू आलं तर तिथंच बंद करा. तसाच वाजवत राहिलात तर कॉइलच्या तारेवरचं वार्निश खरवडून ती शॉर्ट होते आणि ॲम्प्लिफायरही जातो.

खोकी रद्दीत घालू नका. घडी करून माळ्यावर ठेवा, पुठ्ठ्याच्या चौकटी आत, आणि प्रत्येकीवर डावी-उजवी लिहून.