मुंबई विमानतळावरून मेट्रो पकडताय? या चुका टाळा

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि विमानातून उतरून थेट रेल्वेने दक्षिण मुंबईत जाणं मुंबईकरांना पहिल्यांदाच शक्य झालं. तरी चुकणारे चुकतातच. बहुतेक घोळ एकाच गोष्टीतून होतो: डोंबिवलीचा माणूस काय आणि गिरगावचा काय, दोघेही सवयीने दक्षिणेकडे जाणारी गाडी पकडतात.

ठाणे, डोंबिवली, कल्याणला जायचं असेल तर आधी दादर गाठायचं आणि तिथून लोकल, हा हिशेब डोक्यातून काढून टाका. दादरचं मेट्रो स्थानक लोकलच्या फलाटाला लागून नाही. बॅगा घेऊन वर या, बाजारातून वाट काढा आणि मग ज्या बाजूने आलात त्याच बाजूला परत जा! त्यापेक्षा टी२ (टर्मिनल २) वरून उलट्या, म्हणजे आरेच्या दिशेची मेट्रो घ्या. पुढचंच स्थानक मरोळ नाका. तिथे मेट्रो १ मध्ये बदला, घाटकोपरला उतरा आणि मध्य रेल्वेची लोकल पकडा. जलद गाड्याही तिथे थांबतात. अंधेरी, बोरिवलीकडच्यांनीही मरोळ नाक्यालाच बदलायचं, फक्त मेट्रो १ वर्सोव्याच्या दिशेची घ्यायची.

मात्र वेळ बघा. सकाळी घाटकोपरहून कल्याणकडे जाताना तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने असता, बसायलाही मिळू शकतं. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दोन मोठ्या बॅगा घेऊन तीच लोकल पकडणं म्हणजे स्वतःचे आणि डब्यातल्या सगळ्यांचे हाल. अशा वेळी माझं मत सरळ टॅक्सीला. पैसे जातील, पण बॅगेची चाकं शाबूत राहतील.

मरोळ नाक्याला बदलायला दोन मिनिटं धरू नका. मेट्रो ३ जमिनीखाली, मेट्रो १ पुलावर, आणि दोन्ही चालवणाऱ्या संस्था वेगळ्या. एका मार्गिकेचं साधं तिकीट दुसरीच्या गेटवर चालत नाही.  मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर वर असतानाच काढा, भुयारातल्या नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

नावंही फसवतात. मेट्रो १ वर ‘एअरपोर्ट रोड’ स्थानक आहे, पण ते अंधेरी-कुर्ला रस्त्यावर. तिथून टी२ सामानासह चालत जाण्याइतकं जवळ नाही. मेट्रो ३ वरचं ‘सहार रोड’ हे टी२ चं स्थानक नव्हे. टी२ आणि टी१ यांची आपापली स्थानकं आहेत, आणि दोन्हींच्या मधे सहार रोड येतं. टर्मिनल बदलून पुढचं विमान पकडायचं असेल तर ही दोन स्थानकांची मेट्रो कामाची. आणि मुंबई सेंट्रलहून राजधानी पकडणाऱ्यांनी फलकावर ‘जगन्नाथ शंकरशेठ’ शोधावं.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांना फारसं सांगण्यासारखं नाही. बीकेसी, सिद्धिविनायक, वरळी, सीएसएमटी, चर्चगेट सगळं एकाच गाडीत, आणि ३३.५ किलोमीटरच्या पूर्ण मार्गाचंही भाडं जास्तीत जास्त ७० रुपये. फक्त स्थानक आगमन कक्षाच्या दारात नाही, थोडं चालावं लागतं.

तिकिटावर ‘एनएमआय’ लिहिलं असेल, तर तुम्ही नवी मुंबईच्या विमानतळावर उतरणार आहात आणि वरचं काहीच तुमच्या उपयोगाचं नाही.

रात्रीच्या विमानाचं आधीच ठरवून ठेवा. मेट्रो ३ ची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते, सकाळची पहिली सहाच्या आसपास. आखातातून मध्यरात्री उतरणाऱ्यांना मेट्रो मिळत नाही. दहाला विमान टेकणार असेल, तरी सामानाचा पट्टा आणि इमिग्रेशनची रांग धरून गाडी चुकलीच समजा.