सांगलीत एजंटमार्फत घर घेताय? मग या चुका टाळा

सांगली-मिरजेत घर बघायचं ठरलं की पहिला फोन एजंटलाच जातो आणि त्यात वावगं काही नाही, विश्रामबागला कुठला टूबीएचके रिसेलला आलाय, कुपवाडला कुणाला घाईनं रो हाऊस काढायचंय हे त्याला जेवढं माहीत असतं तेवढं आपल्याला फिरून फिरूनसुद्धा कळत नाही. चांगला एजंट आपला वेळ वाचवतो, मालकासोबत बसवून देतो, चार पैसे कमी पण करून देतो. फक्त त्याची दलाली व्यवहार झाला तरच मिळते, मोडला तर त्याच्या हातात काही नाही. म्हणून घर दाखवायचं काम त्याला द्या, कागद आणि पुराचं पाणी मात्र स्वतः बघा. इथं लोक फसतात ते बहुतेक हे काम पण त्याच्यावरच सोडल्यामुळं.

पाण्याची चौकशी एजंटकडं करणं

"इथं पाणी येत नाही साहेब" हे वाक्य सांगलीत घर बघणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. 2005, 2019, 2021 असे महापूर या शहरानं बघितलेत, 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं 45 फूट आहे. त्यामुळं "पाणी येतं का" असं विचारूच नका, "आयर्विनला किती फूट झालं की इथं पाणी येतं" असं विचारा, आणि तेही एजंटला नाही, गल्लीतल्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला, समोर कट्ट्यावर बसलेल्या आजोबांना. ते लगेच आकडा सांगतात, 2019 ला पाणी भिंतीवर कुठवर होतं ते हात लावून दाखवतात. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इकडं पाणी सगळ्यात आधी शिरतं हे सांगलीकरांना माहीत आहे, पण पुण्याहून किंवा नोकरीसाठी बाहेरून आलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

शामरावनगरची गोष्ट जरा वेगळी, तिथं नदीला पूर आलेला नसला तरी जोराच्या पावसात पाणी साचून राहतं, कारण भाग सखल आणि निचरा नाही. वर काळी माती, उन्हाळ्यात आकसते पावसाळ्यात फुगते, पाया नीट घेतला नसेल तर भिंतींना तिरक्या भेगा जातात. एजंट घर मार्च-एप्रिलमध्ये दाखवतो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं. शक्य असेल तर निर्णय पावसाळ्यापर्यंत लांबवा आणि जुलै-ऑगस्टमध्ये एक चक्कर मारून या. लांबवता येत नसेल तर निदान भिंतीचा खालचा तीन-चार फुटाचा पट्टा बघा, तिथंच नवा रंग दिलाय का, प्लास्टर फुगलंय का, लाईटचा मीटर नेहमीपेक्षा उंच सरकवलाय का.

तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. लिफ्टचं पॅनल, मीटर बोर्ड, पाण्याची मोटर, जमिनीखालची टाकी सगळं खालीच असतं. 2019 नंतर सोसायटीनं दुरुस्तीला किती वर्गणी काढली हे चेअरमनला विचारा.

आणि पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतनं एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी असते, दोन्ही रेषांच्या मधे अटी घालून परवानगी. म्हणजे आज तुम्ही जुनं घर घेतलं आणि उद्या पाडून दुमजली बांधायचं ठरवलं तर परवानगीच मिळणार नाही असं होऊ शकतं. महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन जा आणि विचारा, एजंटच्या मोबाईलमधला नकाशा चालत नाही.

"गुंठेवारी आहे, पण काय प्रॉब्लेम नाही"

प्रॉब्लेम आहे. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये गुंठेवारीच्या वसाहती भरपूर आहेत आणि स्वस्त घर शोधणारा माणूस तिथंच जाऊन पोचतो. शेतजमिनीचे बिनशेती न करता गुंठा-दोन गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, बऱ्याच ठिकाणी व्यवहार नुसत्या नोटरीवर झालेले, सातबारावर अजून जुन्या शेतकऱ्याचंच नाव. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 चा आहे, नंतर सुधारणा होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना पण त्यात घेतलंय, म्हणजे सगळीच गुंठेवारी वाईट असं मी म्हणणार नाही. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात असेल तर विचार करा. पण "फाईल टाकलीय, महिन्यात होईल" यावर विसार (आगाऊ रक्कम, टोकन) देऊ नका. इतकी वर्षं झालेली नाही ती फाईल तुमचं टोकन मिळाल्यावर का हलेल?

नोटरीवर मालकी मिळत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नी) पण मिळत नाही, सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच हे स्पष्ट सांगितलंय. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं खरेदीखत लागतं, आणि ते होत नसेल तर बँक कर्ज देत नाही. मग एजंट पतसंस्थेचं कर्ज बघू म्हणतो. बँकेनं ज्या कागदावर नकार दिला तो कागद तुम्ही का चालवून घ्यावा?

एजंटचाच वकील घेणं

ही मला सगळ्यात महागाची चूक वाटते. "आमचे वकीलसाहेब आहेत, सर्च काढून देतील, वेगळा खर्च नको." ते वकील चांगले असतीलही, पण त्यांना कामं एजंटकडनंच येतात. आपला वकील आपण करा, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुने व्यवहार आणि बोजे तपासल्याचा अहवाल) घ्या, आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगा. दोन-अडीचशे रुपयाच्या भांड्याला चारदा टिचकी मारून बघणारी आपण माणसं, इथं आयुष्याची कमाई घालताना हजारो रुपयांच्या फीकडं बघून मागं सरतो.

वकिलाला काय बघायला सांगायचं? सातबारावरचा इतर हक्क रकाना, त्यात बँकेचा, सोसायटीचा बोजा आहे का. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन, आहे का, असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. सिटी सर्व्हे हद्दीत असेल तर प्रॉपर्टी कार्ड. आणि वारस! गावभागातलं जुनं घर असेल तर हे नक्की, वडील वारले, दोन भाऊ विकतायत, एजंट म्हणतो बहिणींचं काही म्हणणं नाही. म्हणणं नसेल तर त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं नाहीतर खरेदीखतावर सही करावी. तोंडी "म्हणणं नाही" पुढं भाव वाढला की बदलतं, आणि दावा तुमच्या दारात येतो.

घाईत टोकन, तेही रोख

"दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आज एक लाख देऊन ठेवा" असं झालं की थांबा. मालकाला न भेटता एक रुपया देऊ नका. इथं एका व्यवहारात तीन-तीन चार-चार एजंट साखळीनं असतात, मालकानं 38 लाख सांगितलेले असतात आणि तुमच्यापर्यंत 42 लाख होऊन येतात. समोरासमोर बसलं की खरा आकडा कळतो.

टोकन चेकनं किंवा ऑनलाईन, थेट मालकाच्या खात्यावर, आणि साध्या कागदावर का होईना पण लिहून घ्या की कागदपत्रात दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर अमुक दिवसात पूर्ण रक्कम परत. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात चालत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. "निम्मे रोख द्या, दस्त रेडीरेकनरनं (सरकारी दरानं) करू, स्टॅम्प ड्युटी वाचेल" यात तुम्हाला मिळणारं कर्ज कमी होतं, व्यवहार फिसकटला तर रोख रकमेचा पुरावा राहत नाही, आणि पुढं तुम्ही घर विकाल तेव्हा खरेदी किंमत कमी दिसल्यानं टॅक्स जास्त बसतो. स्टॅम्प ड्युटी वाचवायचीच असेल तर घर घरातल्या बाईच्या नावावर घ्या, महाराष्ट्रात त्यावर 1 टक्का सवलत आहे.

नवीन स्कीममध्ये

इथं थोडक्यात. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साईटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघा आणि एजंटचा नोंदणी नंबर पण मागा, रेरा प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायचा तर एजंटची नोंदणी सक्तीची आहे. बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. एजंट "हजार स्क्वेअर फूट" म्हणाला की कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती ते विचारा आणि टेपनं स्वतः मोजा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसताना ताबा घेऊ नका.

आधीच अडकला असाल तर

टोकन दिलंय आणि आता कागदात दोष निघालाय, तर पहिलं म्हणजे पुढचा हप्ता थांबवा, "अजून दोन लाख दिले की मालक कागद काढून देईल" याला भुलू नका. फोनवर भांडत बसण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर लिहून विचारा, उत्तर लेखी येऊ द्या, पैसे दिल्याचं बँक स्टेटमेंट काढून ठेवा. मग वकिलाकडनं नोटीस, मालकाला आणि एजंटला दोघांना. रेरा प्रोजेक्ट असेल तर महारेराकडं ऑनलाईन तक्रार करता येते. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदवून झालं असेल आणि मालक खरेदीखत टाळत असेल तर मुदत संपायची वाट बघू नका, आताच वकील गाठा.

दलाली किती, एक टक्का की दोन, आणि कधी द्यायची हे पहिल्याच दिवशी लिहून ठरवा. निम्मी नोंदणीकृत साठेखताला आणि उरलेली खरेदीखत झाल्यावर घरपट्टी, लाईट मीटर, सोसायटीचा शेअर दाखला आणि प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव लागलं की. ही चार कामं एजंटला ऑफिसात ओळख असल्यानं पटकन होतात, पण पूर्ण दलाली आधी दिली की त्याचा फोन उचलला जात नाही, मग प्रत्येक खिडकीवर तुम्हालाच रांग लावायला लागते.