राखीव टाकी भरलेली, तरी इंजिन तापते: माझा अनुभव
रत्नागिरीजवळच्या चिरेखाणीवर आमच्या एक्स्कॅव्हेटरचा तापमानकाटा रोज दुपारी लाल पट्ट्यात जाई, आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) राखीव टाकी भरलेली असूनही रेडिएटरमधले कूलंट कमीच असे. रेडिएटरवरची जांभ्याची धूळ धुतली, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) बदलला. सारे व्यर्थ गेल्याने फार मनस्ताप झाला. दोष रेडिएटरच्या झाकणाच्या फाटलेल्या सीलमध्ये होता: इंजिन निवताना टाकीतल्या कूलंटऐवजी हवाच आत ओढली जात होती.

यंत्र सपाट जागी उभे करून, बकेट टेकवून इंजिन बंद केले आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) गार लागेपर्यंत थांबलो, कारण गरम रेडिएटर उघडल्यास उकळते कूलंट अंगावर उसळते. जाड फडक्याने झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून उरलेला दाब सोडला, मगच काढले. कूलंट व डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात मिसळून (किनाऱ्यावरच्या विहिरीचे मचूळ पाणी मुळीच नको, त्याने रेडिएटर गंजतो) गळ्यापर्यंत सावकाश भरले, तितक्याच दाबाचे नवे झाकण बसवले, इंजिन चालवून पुन्हा पूर्ण निवू दिले आणि घटलेली पातळी भरली.