ब्रेक धरून राहतोय? कॅलिपर विकत घेण्याआधी या चुका टाळा

ब्रेक लागत नसेल तर माणूस घाबरून त्याच दिवशी गाडी दाखवायला आणतो. ब्रेक सुटत नसेल तर मात्र महिना-दोन महिने तशीच चालवतो. ॲव्हरेज कमी झाल्याचे खापर पेट्रोलवर फुटते, गाडी एका बाजूला ओढते म्हणून अलाइनमेंट करून घेतले जाते आणि जळका वास येऊ लागला की संशय क्लचवर जातो. चिपळूणच्या दमट हवेत तीस वर्षे गाड्यांच्या चाकांपाशी बसून काढल्यावर एवढे नक्की सांगतो की धरून राहणारा ब्रेक शोधणे अवघड नाही, पण तो शोधण्याआधीच बहुतेकांचा हात पाकिटाकडे जातो.

सर्वांत महागडी चूक तीच आहे. चाक तापले की कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग, जाम झाला असे गृहीत धरायचे, नवा आणून बसवायचा आणि चाक पुन्हा तापले की दुकानदाराने नकली माल दिला म्हणायचे. वास्तविक पहिला प्रश्न असा असतो की पेडल सोडल्यावरही ब्रेक ऑइलचा दाब चाकापाशी अडकून राहतो आहे, की दाब गेला तरी एखादा भाग गंजामुळे मागे सरकत नाही. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, कुणाला तरी पेडल दोन-तीनदा दाबून सोडायला सांगावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. चाक घट्ट असेल तर कॅलिपरवरच्या ब्लीडर निप्पलला, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या तोटीला, नळी लावून ते अर्धा आटा सैल करावे. ऑइलची बारीक धार येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकला होता आणि दोष होजमध्ये, म्हणजे कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या रबरी नळीत, किंवा त्याहून वर आहे. निप्पल उघडूनही चाक घट्टच राहिले, तर पॅड दाबणारा पिस्टन, कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या गाइड पिन किंवा ब्रॅकेटमध्ये गंजून बसलेले पॅड यांच्याकडे वळावे. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि ती टाळण्यासाठी लोक हजारो रुपये का घालवतात हे मला आजवर उमगलेले नाही.

अर्थात हा शहाणपणा मलाही फुकट मिळालेला नाही. एका गणपतीत मुंबईहून गावी आलेले एक गृहस्थ गाडी घेऊन आले. पुढचे डावे चाक तापत होते. महिन्याभरापूर्वी त्यांनी नवा कॅलिपर बसवून घेतला होता आणि पॅड तर दोनदा बदलले होते. माझ्याकडे सणाची गर्दी होती. मी पिन साफ केल्या, पिस्टन आत दाबला, तो जरा जड गेला तरी तिकडे दुर्लक्ष केले आणि गाडी देऊन टाकली. आठ दिवसांनी ते कराडला निघाले आणि कुंभार्ली घाटात त्याच चाकातून धूर निघाला. गाडी परत आल्यावर मी पहिल्यांदा डोके शांत ठेवून बसलो. होजला जिथे वरून लोखंडी पाइप जोडलेला असतो, तिथला नट आधी सैल केला, तर चाक घट्टच. मग खालचे निप्पल उघडले आणि चाक एका बोटाने फिरू लागले. वरून दाब गेला होता, खालचा अडकला होता, म्हणजे दोष मधल्या रबरी होजमध्येच होता. होज बाहेरून अगदी नवा दिसत होता, पण तो धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या आत गंज फुगून त्याने रबर आवळले होते. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जात होते. परत यायला मात्र तेवढा जोर नव्हता, कारण पिस्टन मागे घेण्याचे काम त्याच्या रबरी सीलच्या पिळावर चालते आणि त्याची ताकद फारच थोडी असते. नवा होज बसवून ब्रेक ऑइलमधली हवा काढली आणि पैसे घेतले नाहीत.

कॅलिपर उघडल्यावर तो होजवर लोंबकळत सोडणाऱ्यांना मी गॅरेजमध्ये उभे करत नाही. तारेने वर बांधायला अर्धा मिनिट लागतो.

दोन्ही पुढची चाके एकदम धरत असतील, आणि तेही गाडी तापल्यावरच, तर चाकांपाशी वेळ घालवू नये. पेडलला थोडी मोकळी चाल आहे का, ब्रेक लाइटचा स्विच पेडलला दाबून धरत नाही ना आणि हौसेने टाकलेली जाड मॅट पेडलखाली अडकत नाही ना, हे आधी पाहावे. मग पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरवर बसवलेल्या मास्टर सिलिंडरचे, म्हणजे ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाचे, दोन नट सैल करून तो किंचित पुढे ओढावा. चाके सुटली तर पेडलचा जोर पोचवणारा पुशरॉड मास्टर सिलिंडरला सतत दाबून धरतो आहे.

दुसरी चूक मला अक्षम्य वाटते, ती म्हणजे दिसेल ते तेल ब्रेकच्या डबीत ओतणे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलची ऑइले आहेत आणि तिथली रबरे त्यांच्यासाठीच बनवलेली असतात. चमचाभर इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल गेले तरी सील फुगतात, परतीची वाट बुजते आणि चारही चाके धरू लागतात. मग नुसते ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. भाग पेट्रोलने धुण्याची सवयही याच कारणाने सोडावी. मी फक्त ब्रेक क्लीनर किंवा ताजे ब्रेक ऑइल वापरतो. गाइड पिनला साधे ग्रीस लावणारेही हेच पाप करतात. तिथे सिलिकॉनचे ग्रीस लागते आणि तेही पातळ थराने, कारण भोक ग्रीसने ठासून भरले तर पिन आत जायला जागाच उरत नाही. काही गाड्यांत दोनपैकी एका पिनवर रबरी बुश असतो. त्या पिनांची अदलाबदल करू नये.

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील, तर हँडब्रेकचा लिव्हर फार वर येतो म्हणून थेट केबल ताणू नये. आधी लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारी अस्तरे, ड्रमजवळ आणावेत, केबल शेवटी. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर मी हँडब्रेक ओढतच नाही. पहिला गिअर आणि चाकाखाली दगड पुरतो, नाहीतर लायनर ड्रमला गंजून चिकटतात.

घाट उतरून आल्यावर तापलेल्या चाकावर बाटलीभर पाणी ओतू नये, डिस्क वाकते किंवा तडकते.

नवशिक्यांसाठी एवढेच की पॅड डिस्कला किंचित घासत असल्याचा आवाज हा दोष नव्हे. उजव्या चाकाशी डाव्याची तुलना करावी आणि काम झाल्यावर सात-आठ किलोमीटर जोरात ब्रेक न लावता गाडी चालवून, तळहात न टेकवता, चाकाजवळ नेऊन दोन्हीकडची ऊब पाहावी. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापलेली असेल तर चाक पुन्हा उचलून निप्पलपासून सुरुवात करावी.